सव्वीसच्या वर नाही

पोर्ट टॅलबट, नोव्हेंबर.
समुद्रावरचा वारा खिडकीच्या फटीत शीळ घालतोय.
फ्रिजवर मारेडची चिठ्ठी, मेंढीच्या चुंबकाखाली :
टाडकी, सव्वीसच्या वर नाही.
अठ्ठावीसला ती आजारी पडते.
त्याच्या पुढचं लिहिलेलं नाही,
नुसत्या दोन रेघा मारल्यात.

आमच्याकडे आजोबाला टाडकी म्हणतात.
आणि या पालीला म्हणतात मिसेस प्रोबर्ट,
मारेडच्या गणिताच्या बाईंवरून. त्यांचंही असंच,
पापण्यांवर झालर, आणि नजर कुठेच हलायची नाही.
हिला तर पापण्याच नाहीत.
झालर म्हणजे मऊ काट्यांची ओळ,
डोळा पुसायचा तर जिभेने.

चौतीस वर्षं मी भट्टीवर काढली.
पन्हळीतून लोखंड वाहताना
नुसत्या रंगावरून अंश सांगायचो,
पन्नास इकडे तिकडे.
पन्नास इकडे तिकडे!
आणि आता चष्मा पुसून
एवढ्याशा तापमापकापुढे उभा :
तेवीस.
साडेतेवीस.
रेडिएटर अर्धा पेर मागे.

काचेचं घर रुंद नको, उंच हवं.
ही जमिनीवरची नव्हे, फांदीवरची.
बुचाच्या सालीचे तुकडे, आडवे बांबू,
प्लॅस्टिकची पानं (खरी मी दोनदा मारली),
तळाला साधा कागद, रोज सकाळी बदलायचा.
वाडगी वर, काचेला चिकटवलेली;
खाली ठेवली तर ढुंकून बघत नाही.
फळांची पूड पाण्यात कालवायची,
सॉससारखी, चमच्यावरून सावकाश ओघळेल इतकी.
ग्लेनिस असती तर म्हणाली असती,
माझ्यासाठी कधी चहा तरी केलास का रे?
केला होता. एकदा. ती इस्पितळातून आली तेव्हा.

रात्री नऊला फवारा.
काचेवर धुकं धरतं, मग थेंब,
आणि ती सालीमागून येते,
एकेक बोट सुटं करून, जणू ते कुणाकडून उसनं आणलंय.
थेंब चाटते.
दुपारपर्यंत सगळं सुकलं पाहिजे, नाहीतर बुरशी.
ओल हवी, पण कायमची नको.
हे मला कुणी आधी सांगितलं असतं
तर या घरातली एक भिंत वाचली असती.

मंगळवारी मी चूक केली.
दार उघडं ठेवून वाडगी धुवायला गेलो,
मागच्या फाटकाने आदळून आवाज केला,
आणि तिने उडी घेतली, थेट पडद्यावर.
मी पकडायला गेलो.
पकडायचं नसतं. तळहात पुढे धरायचा,
तिला चालून यायचं असेल तर येते.
चिठ्ठीत होतं ते. पाठीमागच्या बाजूला.

शेपूट माझ्या मुठीत राहिली,
वळवळत, स्वतःशीच भांडत.
बाकीची मिसेस प्रोबर्ट पडद्याच्या दांडीवर,
शांत. माझ्याकडे बघत. पापणी न लवता,
पण ती कशी लवणार.

फोन केला. अ‍ॅबर्डीनला रात्रीचे साडेअकरा.
मारेड आधी गप्प होती.
मग म्हणाली, रक्त नसेल तर ठीक आहे.
म्हणाली, इतर पालींसारखी हिची परत येत नाही.
म्हणाली, तिकडे त्यांच्या बेटावर, रानात,
मोठ्या झालेल्या बहुतेकींना शेपूट नसतेच.
मग म्हणाली, टाडकी, तुम्ही रडताय का?
मी म्हटलं, वारा आहे.

माझ्या डाव्या हाताला साडेतीन बोटं.
पट्ट्याने नेलेल्या बोटाचं मी कधी कुणाला
फारसं सांगितलं नाही. तिला सांगितलं, काचेतून.
ती ऐकत होती असं मी म्हणत नाही.
बुंध्याच्या टोकाला एक गोल, गुलाबी डाग,
तो शनिवारी राखाडी झाला.

ही सहसा चुकचुकत नाही.
शंका येते ती माझी मलाच,
पहाटे चारला, मोजे न घालता, टॉर्च घेऊन.
भट्टी आता थंड आहे. धूर नाही म्हणून
पहाटे डोंगर दिसतो, पूर्वी दिसायचा नाही.
ती काचेला उलटी चिकटलीय,
पोटाखालचं काळीज धडधडताना दिसतं,
वाडग्यात जिभेचे दोन ठसे.

चोवीस.
बरं.